कासेल्लाचं ‘पागानिनियाना’, मुती आणि ला स्काला : घ्याच, पण फोनच्या स्पीकरवर ऐकू नका

आधी प्रॉडक्ट काय आहे ते सांगतो. सोनीचा अल्बम आहे, कंडक्टर रिकार्दो मुती, वाद्यवृंद मिलानच्या ला स्काला या ऑपेरा हाउसचा फिलार्मोनिक, आणि आत तीन इटालियन संगीतकार, बुसोनी, कासेल्ला आणि मार्तुच्ची. यातलं एकही नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. वेस्टर्न क्लासिकल ऐकणारे नागपुरात आहेतच किती, जे आहेत ते बीथोव्हन, मोझार्ट, फार फार तर चायकोव्हस्की, त्याच्या पलीकडे गाडी जात नाही. मी हा अल्बम घेतला तो फक्त कासेल्लासाठी, म्हणजे पागानिनीच्या संगीतावरून त्यानं वाद्यवृंदासाठी रचलेल्या चार भागांच्या ‘पागानिनियाना’साठी, बाकीचं सोबत आलं म्हणून ऐकलं आणि त्यातलं काही आवडलंही, ते पुढे सांगतो.

ऐकायची वेळ रात्रीची ठेवा. नागपुरात मे महिन्यात दिवसा हे ऐकायचं म्हटलं तर कूलर बंद करावा लागतो, आणि कूलर बंद केला तर ऐकणारा बंद पडतो. गंमत नाही करून राहिलो, खरंच अडचण आहे, कारण या रेकॉर्डिंगमध्ये हळू आवाज फारच हळू आहे आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो. हल्लीच्या गाण्यांसारखं सगळं एका लेव्हलला दाबून आणलेलं नाहीये. हा गुणच आहे, पण तिसऱ्या भागात तंतुवाद्यं कुजबुजायला लागली की कूलरच्या घरघरीत अर्धं निघून जातं, मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि चौथा भाग सुरू झाला की शेजारचे काकू-काका जागे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पागानिनी कोण हे थोडक्यात, माहीत असेल त्यांनी हा पॅरा सोडा. निकोलो पागानिनी, १७८२ चा जन्म, गाव जिनोव्हा, आणि व्हायोलिन असा वाजवायचा की लोक सरळ म्हणायचे याच्यात सैतान शिरलाय. डाव्या हाताच्या बोटांनीच तारा छेडायच्या, आणि त्याच वेळी उजव्या हाताचा बो, म्हणजे गज, चालूच, तारेवर नुसता स्पर्श करून शिट्टीसारखे बारीक सूर काढायचे, बो तारेवर आपटून उड्या मारवायचा, हे सगळं त्याच्याआधीही कोणी ना कोणी केलेलं असेल पण त्यानं ते एका जागी आणून लोकांना वेड लावलं. एकट्या व्हायोलिनसाठी २४ कॅप्रिस, म्हणजे छोट्या पण महाकठीण रचना, लिहिले, १८२० मध्ये मिलानच्या रिकोर्दीनं ते छापले, आणि आजही व्हायोलिन शिकणाऱ्या पोट्ट्यांची झोप तेच उडवतात. सैतानाची गोष्ट इतकी चिकटली की १८४० मध्ये नीसला वारला तेव्हा चर्चनं दफनाला जागाच दिली नाही, पेटी इकडून तिकडे फिरत राहिली आणि शेवटी १८७६ ला पार्मात ठेवली. माणूस मेल्यावर छत्तीस वर्षं फिरतीवर, बाप्पा.

तर अशा माणसाला मानवंदना द्यायची तर कोणीही काय करेल? समोर एक सोलो व्हायोलिनवाला उभा करेल, त्याला घाम फुटेल असं काहीतरी लिहून देईल आणि मागे ऑर्केस्ट्रा साथीला. कासेल्लानं नेमकं हेच केलं नाही. कॉन्सर्टोमध्ये समोर उभा असतो तसा व्हायोलिनवाला या रचनेत नाहीच. माझा भाचा इथे कॉलेजला आहे, गिटार वाजवतो, त्याला पहिला भाग ऐकवला तर दोन मिनिटांनी विचारतो, “मामा, ते सगळं ठीक आहे, पण मेन आर्टिस्ट कधी येणार?” म्हटलं, अरे तो आलाय, तू त्यालाच ऐकून राहिला. पागानिनीच्या बोटांमध्ये जे होतं ते कासेल्लानं पूर्ण वाद्यवृंदात वाटून टाकलंय. जी धावपळ एका माणसाची होती ती आता अख्ख्या फौजेची झाली.

आणि हे वाटतं त्याहून फार अवघड काम आहे. मी लहानपणी धरमपेठेत व्हायोलिन शिकलो, आपल्या पद्धतीनं, मांडी घालून, व्हायोलिनचं वळणदार टोक पायावर टेकवून, त्यामुळे एवढं तरी कळतं की एकटा वाजवणारा जिथं अडकतो तिथं हळूच वेळ चोरतो, कठीण उडीच्या आधी अर्धा श्वास जास्त घेतो, ऐकणाऱ्याला वाटतं वा काय भाव आहे, तो भाव नसतो, ती सोय असते. पंधरावीस व्हायोलिनं एकदम तोच पॅसेज वाजवताना ही चोरी करताच येत नाही. एकानं अर्धा श्वास जास्त घेतला की सगळ्यांचं दळण होतं. आणि मग त्या सुराचा अर्धा तुकडा व्हायोलिनकडून काढून लाकडी फुंकवाद्यांकडे दिला, परत घेतला, तर हात बदलताना सांधा दिसायला नको. पहिल्या भागात हेच चाललेलं असतं. त्याचं नाव ‘आलेग्रो आजितातो’ आहे, कॅप्रिसांमधलेच तुकडे उचलून शिवलेत, आणि ज्यांनी पाचवा कॅप्रिस ऐकलाय त्यांना ती उड्या मारणारी धाव लगेच ओळखू येईल. मूळ पाचव्यात पागानिनीनं बोचे तीन स्वर खाली उडत आणि चौथा वर असं लिहून ठेवलंय, आजही बरेच लोक ते सोडून साध्या बोनं वाजवतात कारण वेगात ते जमतच नाही.

एक गोष्ट मला फार आवडली. पागानिनी म्हटलं की सगळे २४ व्या कॅप्रिसच्या मागे. ब्राम्स त्याच्याच मागे, लिस्त त्याच्याच मागे, राखमानिनोव्हनं १९३४ मध्ये पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी जी रॅप्सोडी केली तीही त्याच सुरावटीवर, आणि ती इतकी गाजली की पागानिनीला मानवंदना म्हणजे तीच असं झालंय. कासेल्लानं ती वाट धरली नाही. त्यानं दुसरे कॅप्रिस घेतले, आणि पुढच्या भागांसाठी पागानिनीचं असं संगीत शोधलं जे मैफलीत फारसं वाजतच नाही. पागानिनी गिटार पण उत्तम वाजवायचा, गिटार आणि तंतुवाद्यांसाठी ढिगानं लिहिलंय त्यानं, हे सैतानाच्या गोष्टीत कोणी सांगतच नाही.

दुसरा भाग ‘पोलाकेत्ता’, तो त्या गिटारच्या जगातून आलाय. छोटा पोलिश नाच. गोड आहे, हलका आहे, नाकावर बोट ठेवून नाचल्यासारखा थोडा खट्याळपणा आहे. खरं सांगायचं तर चारही भागांत मला हाच कमी आवडतो. वाईट नाही, पण पहिल्या भागानं एवढं दमवल्यावर हा विश्रांतीसाठी ठेवलाय हे जाणवत राहतं, आणि मुती इथं जरा जास्तच सभ्य होतो, अजून थोडी टिंगल चालली असती.

तिसरा भाग ‘रोमांत्सा’. हा ऐकण्यासाठी अल्बम घ्या, बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल. पागानिनी म्हणजे नुसते बोटांचे खेळ, सर्कस, असं जे लोक बोलतात त्यांना हा भाग ऐकवावा. मुळात तो इटालियन माणूस होता, ऑपेराच्या काळातला होता, रोस्सिनी त्याचा दोस्त होता, गाणं त्याच्या अंगात होतं. १८२८ मध्ये तो पहिल्यांदा इटलीबाहेर वाजवायला गेला ते व्हिएन्नाला, तिथं शुबर्ट या संगीतकारानं त्याला ऐकलं, स्वतःच्या खिशात पैसे नसायचे असा शुबर्ट, त्यानं महाग तिकीट काढून ऐकलं, आणि त्याला भावला तो त्याचा संथ वाजवलेला भाग. त्याच वर्षी नोव्हेंबरात शुबर्ट गेला. कासेल्लानं हा संथ पागानिनी पकडलाय. सूर सरळ गाणारा आहे पण खालची संगत विसाव्या शतकातली, मधेच असा एखादा आंबट स्वर येतो की पागानिनीच्या काळात कोणी लावलाच नसता. आणि तो आंबटपणा खुपत नाही. लोणच्यातल्या मेथीच्या दाण्यासारखा, दाताखाली आला की कळतं आणि मग पुढच्या घासाला तुम्ही तो शोधता.

इथं मला आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ केलं तेव्हा त्यांनी बालगंधर्वांची नक्कल नाही केली. नक्कल करणारे तेव्हाही खूप होते, गळ्याची ठेवण, हरकती, सगळं हुबेहूब. कुमारजींनी पदं बालगंधर्वांचीच गायली पण आवाज, विचार, थांबणं सगळं स्वतःचं, आणि नावातच सांगून टाकलं की हे मला उमजलेले आहेत. तेव्हा काही लोक नाराजही झाले असतील, असू दे. कासेल्लाचं अगदी तेच आहे. पागानिनी त्याला जसा दिसला तसा, आणि तो दिसला विसाव्या शतकातल्या चष्म्यातून, व्हायोलिनवाला म्हणून नाही तर संगीत रचणारा म्हणून. आमचे व्हायोलिनचे सर असते तर त्यांच्याशी यावर दोन तास भांडलो असतो, ते म्हणाले असते मग मूळच ऐका ना काहून हे, आणि मी म्हणालो असतो सर, मूळ ऐकूनच तर हे कळून राहिलं.

कासेल्लाला ही सवयच होती जुन्यांना उकरून काढायची. १८८३ चा, तुरिनचा, पोरगा असतानाच पॅरिसला गेला, तिथं फोरे या फ्रेंच संगीतकाराकडे शिकला, म्हणजे तयारी सगळी फ्रेंच. इटलीत परत आला तेव्हा तिथं सगळीकडे ऑपेरा आणि फक्त ऑपेरा, आणि याला म्हणायचं होतं की अरे आपल्याकडे वाद्यसंगीतही होतं की. १९२६ मध्ये स्कार्लात्ती या जुन्या इटालियन संगीतकारावरून ‘स्कार्लात्तियाना’ केलं, पियानो आणि छोट्या ऑर्केस्ट्रासाठी. १९३९ मध्ये सिएनाला व्हिवाल्दीचा आठवडा भरवला, आज फोनच्या रिंगटोनपासून लिफ्टपर्यंत जो व्हिवाल्दी वाजतो तो तेव्हा जवळजवळ विसरला गेला होता, त्याला परत आणणाऱ्यांत हा माणूस मोठा. ‘पागानिनियाना’ त्याच रांगेतलं, १९४२ चं, त्याच्या शेवटच्या वर्षांतलं, पाच वर्षांनी १९४७ ला तो रोममध्ये गेला.

आणि लिहिलं कोणासाठी तर व्हिएन्ना फिलार्मोनिकच्या शंभरीसाठी, १८४२ चा तो वाद्यवृंद. हे कळल्यावर मला पूर्ण रचनेचा उलगडा झाला. वाढदिवस वाद्यवृंदाचा आहे, मग एका सोलोवाल्याला पुढं आणून काय करणार, मानाची जागा वाद्यवृंदालाच द्यायला पाहिजे, म्हणून ऑर्केस्ट्रालाच पागानिनी करून टाकलं. एका दगडात दोन मानवंदना. शिवाय व्हिएन्ना, जिथं पागानिनीची परदेशातली पहिली मैफल झाली होती.

पण १९४२ ची व्हिएन्ना म्हणजे नाझींच्या ताब्यातली व्हिएन्ना, हेही लक्षात ठेवून ऐकावं लागतं. कासेल्ला मुसोलिनीच्या बाजूनं होता, त्याबद्दल सफाई द्यायचं काही कारण नाही, आणि त्याची बायको ज्यू होती, १९३८ चे वंशाचे कायदे आल्यावर त्याच्याच घरावर संकट आलं. असा माणूस, तब्येत ढासळलेली, घरात भीती, आणि लिहितो काय तर इतकं हसरं, टवटवीत संगीत. रोमांत्सात मला कधीकधी त्या भीतीची सावली ऐकू येते असं वाटतं, पण ते मला आता माहीत आहे म्हणून वाटत असेल, जास्त बोलत नाही.

चौथा भाग ‘तारान्तेल्ला’. दक्षिण इटलीतला वेगवान नाच, कोळी चावला की विष उतरवायला नाचत राहायचं अशी जुनी समजूत. इथं मात्र मुती घरच्या मैदानावर आहे, माणूस नेपल्सचा, त्याला हा नाच शिकवायची गरज नाही. सुरुवातीपासून लगाम धरून ठेवतो, वेग आहे पण सुटत नाही, आणि शेवटी शेवटी जेव्हा सोडतो तेव्हा पितळी वाद्यं अशी काही उठतात की मी हेडफोन काढून बघितलं बाहेर काही झालं की काय. फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचं, ऑर्मंडी या कंडक्टरनं केलेलं जुनं रेकॉर्डिंगही आहे, मिळालं तर तेही ऐका, त्या लोकांच्या तंतुवाद्यांचा लोणी लावल्यासारखा आवाज प्रसिद्धच होता. पण इटालियन उच्चार मुतीकडे. ला स्कालाचे हे वादक एरवी ऑपेराच्या खड्ड्यात बसतात, १९८२ मध्ये कंडक्टर आबादोनं त्यांचा हा फिलार्मोनिक उभा केला, गायकांसोबत आयुष्य गेलेले लोक आहेत, आणि ते रोमांत्सात कळतं. सूर कुठं श्वास घेणार हे त्यांना सांगावं लागत नाही.

बाकीचा अल्बम. बुसोनीचं ‘तुरान्दोत’ सुईट मस्त आहे, पुच्चिनीच्या ऑपेराच्या वीस वर्षं आधीचं, एकाच गोष्टीवरचं, म्हणजे गोत्सीच्या नाटकावरचं. त्यात धमाल काय तर चीनच्या राजकन्येच्या अंतःपुराचं चित्र रंगवताना बुसोनीनं चक्क ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हा जुना इंग्रजी सूर वापरलाय. का वापरला असेल कोण जाणे, पण ऐकताना मी मोठ्यानं हसलो आणि तरी तो तिथं शोभतो. मार्तुच्ची मात्र शांत माणूस, त्याचं ‘नोत्तुर्नो’ छोटंसं आहे, रात्री झोपायच्या आधी लावायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. रेस्पिगी या इटालियन संगीतकाराचा हा गुरू. ऑपेराच्या देशात राहून ऑपेरा न लिहिणारा माणूस, म्हणजे कासेल्लाच्या भांडणाची सुरुवात ह्याच्यापासूनच.

आता तक्रारी. अल्बमच्या नाही, ऐकायच्या सोयीच्या. सीडी शोधायला सीताबर्डीत फिरू नका, जुन्या कॅसेट-सीडीच्या दुकानांत आता मोबाईलचे कव्हर आणि चार्जर मिळतात, वेस्टर्न क्लासिकल तर तेव्हाही मोजकंच असायचं. मी स्ट्रीमिंगवर ऐकतो. ज्या ॲपवर ऐकतो त्याचं नाव घेत नाही, पण तिथं फुकटच्या प्लॅनमध्ये रोमांत्सा संपून तारान्तेल्ला सुरू व्हायच्या मधे बनियनची जाहिरात लागली. पैसे भरून घ्या भाऊ, हे संगीत जाहिरातींसोबत ऐकायचं नाही. दुसरं म्हणजे कासेल्लाच्या नावानं सर्च केलं तर भलतेच पॉप गाणारे लोक येतात, मुती आणि पागानिनियाना असं दोन्ही टाकून शोधा. शफल बंद करा, नाहीतर तारान्तेल्ला आधी आणि मग बुसोनी असलं काहीतरी होऊन बसतं. आणि ट्रॅकच्या मधली शांतता कापणारं जे सेटिंग असतं तेही बंद.

फोनच्या स्पीकरवर पहिला भाग म्हणजे डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो, त्यावरून मत बनवू नका. साधे वायरचे हेडफोन पुरे आहेत, महागडे लागत नाहीत. कारमध्ये वर्धा रोडवर लावून बघितलं, तारान्तेल्ला छान वाटतं पण ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप दाबला जातो, आणि रोमांत्सा खड्ड्यांत हरवून जातं.

कोणी घेऊ नये? ज्याला पागानिनी म्हणजे एकटा माणूस घामाघूम होऊन वाजवतोय तोच थरार पाहिजे त्यानं सरळ २४ कॅप्रिस ऐकावेत, इथं तो थरार मिळणार नाही. आणि ज्यानं पागानिनी कधीच ऐकला नाही त्यानं हे ऐकण्याआधी निदान पाचवा कॅप्रिस एकदा ऐकून घ्यावा, तीन मिनिटांच्या आसपासचं काम आहे, म्हणजे कासेल्लानं काय उचललं आणि कुठं नेऊन ठेवलं ते कळेल. पूर्ण रचना वीस मिनिटांच्या आतली आहे, तर्री पोहे खाऊन चहा येईपर्यंत संपते.

माझे स्टार ५ पैकी ४. अर्धा पोलाकेत्तासाठी कापला, अर्धा त्या रेकॉर्डिंगमधल्या हळू-मोठ्या आवाजासाठी, जो खरं तर माझ्या कूलरचा दोष आहे पण स्टार कूलरचे कापता येत नाहीत.